भिंतीवरची मॅच

लिफ्टच्या मिस्त्रीची लोकांना दोनदाच आठवण येते. एकदा लिफ्ट बंद पडली की, आणि दुसऱ्यांदा ती चालू व्हायला वेळ लागला की. एरवी त्याच्याकडे बघतंय कोण! हा मिस्त्री तर तसाही नजरेत भरण्यासारखा नव्हता. मध्यम उंची, खांदे थोडे पुढं आलेले, वरच्या खिशात टेस्टर आणि बोटांच्या पेरांत साबणाला दाद न देणारं ग्रीस. पण कामात त्याची एक खोड होती. लिफ्ट थांबली की तिची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत आलीच पाहिजे. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. कामावरचा जोडीदार वैतागायचा, "अरे, एवढ्यानं कोण पडतंय?" हा म्हणायचा, "म्हातारं माणूस पडतं," आणि पुन्हा जिना चढून मशीन रूममध्ये जायचा. जोडीदारानं त्याचं नावच 'लेव्हल' ठेवलं होतं. "लेव्हल, चल जेवायला. लेव्हल, सोड आता, इनाम मिळणार आहे का?"

त्याची बायको शाळेची बस चालवायची. बाई कसली, तोफ होती. आरशात बघून नुसती भुवई उचलली की मागच्या सीटवरची मारामारी थांबायची. आणि फुटबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. शाळेत असताना ती गोलकीपर होती, त्यात एक करंगळी मोडून वाकडीच राहिली होती, आणि ती करंगळी नाचवत ती टीव्हीतल्या गोलकीपरांना शिकवायची. "अरे पुढं ये! पुढं ये ना गाढवा! रेषेवर काय झोपायला ठेवलंय तुला?" मॅचच्या वेळी सोफ्यावर कुणी कुठं बसायचं हेही तिनंच ठरवून टाकलं होतं. मिस्त्री दाराच्या बाजूला, पोरगी खिडकीच्या बाजूला आणि आपण मध्ये. आपले निळे, म्हणजे निळ्या जर्सीची आपली टीम, खेळत असताना जागा बदलली तर खैर नाही. मिस्त्रीला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. तो पंधरा मिनिटं बघायचा आणि मग डुलक्या काढायचा. त्याला त्या आरडाओरड्यात छान झोप लागायची.

अशी बाई एका दुपारी गेली. शेवटचं पोर उतरवलं, बस कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हॉर्न मारले. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बस मात्र नीट लावलेली होती.

मिस्त्री रडला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोकांनी आधी 'धक्का बसलाय' म्हटलं, मग 'खंबीर आहे' म्हटलं आणि शेवटी, लोकच ते, 'दगड आहे' म्हणायला लागले. मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, एकदा समोर बसून म्हणाली, "भाऊजी, एकदा मोकळेपणानं रडून घ्या." तो म्हणाला, "येत नाही." पोहता येत नाही म्हणावं, तसं. त्यात लपवाछपवी काही नव्हती, खरंच येत नव्हतं. सकाळी उठायचा, डबा भरायचा, कामावर जायचा. जेवण गरम आहे की गार हे ताट संपल्यावरही त्याला सांगता आलं नसतं.

आता टीव्हीचं काय झालं ते ऐका, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

टीव्ही चालू असेपर्यंत ठीक असायचं. बातम्या, जाहिराती, काय लागेल ते. गोची व्हायची बंद केल्यावर. मोठी काळी काच. तिच्यात समोरचा सोफा दिसायचा. सोफ्याच्या एका टोकाला अंग चोरून बसलेला एक माणूस, आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा. मिस्त्री अजूनही दाराच्या टोकालाच बसायचा ना! सगळा सोफा मोकळा, पण हा आपला कडेला, कुणी येऊन बसणार असल्यासारखा. बायको गेलेला माणूस बाहेरून कसा दिसतो हे कुणी बघायला जात नाही, पण याला ते रोज टीव्ही बंद केला की बघायला लागायचं. काही दिवस त्यानं टीव्ही बंदच केला नाही. मग त्यावर चादर टाकून पाहिली, तर ते आणखी भयंकर दिसायला लागलं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यानं चार स्क्रू काढले, टीव्ही खांद्यावर घेतला आणि खाली वॉचमनला देऊन टाकला. वॉचमनला आनंद लपवता येईना. मिस्त्रीला काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

वाटलं ते पोरीला. पोरगी दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. आईनं तिला लहानपणी 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली ती केलीच, आता ती कमावती झाली तरी घरात भिंगरीच होती. संध्याकाळी ती आली, चपला काढता काढता तिनं भिंतीकडे बघितलं आणि एक चप्पल पायातच राहिली.

"बाबा, टीव्ही कुठाय?"

"दिला."

"दिला? कुणाला?"

"वॉचमनला."

"का?"

आता इथं या माणसानं तोंड उघडायला हवं होतं. कारण होतं की त्याच्याकडे! पण सांगणार कसं? बंद टीव्हीची भीती वाटते, असं? चांगला बाप्या माणूस, लिफ्टच्या भोकात निम्मं आयुष्य काढलेला. तो म्हणाला, "जुना झाला होता."

"आईचा होता तो! मला एका शब्दानं विचारायचंत तरी." भिंगरीचा आवाज चढला. "तुम्हाला बधिर करायचं इंजेक्शन दिलंय का कुणी? आमच्याकडचं पण थोड्या वेळानं उतरतं हो!"

यावर मिस्त्री काय म्हणाला असेल? म्हणाला, "जेवून घे."

त्या 'जेवून घे'नं घात केला. दोन शर्ट आणि चार्जर बॅगेत कोंबून भिंगरी मावशीकडे गेली. दवाखाना जवळ पडतो, थोडे दिवस राहते, असं म्हणाली. मावशीचं घर दवाखान्यापासून उलट लांब होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मिस्त्रीनं तिला स्टॉपपर्यंत सोडलं आणि पाऊस नसताना छत्री आहे का विचारलं.

मग घर जे गप्प झालं ते झालंच. भिंगरीचा फोन यायचा, नाही असं नाही. "जेवलात का", "हो", "गोळी घेतलीत का", "हो", संपलं. मिस्त्रीला आता जगात एकच गोष्ट हवी होती, पोरीनं घरी परत यावं. पण गंमत बघा, ती इच्छाही त्याला आतून टोचत नव्हती. ती फक्त त्याला माहीत होती, घराची किल्ली कुठल्या खिशात आहे हे माहीत असावं तशी.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "रविवारी येते. राहिलेलं सामान न्यायला. मावशी गाडी घेऊन येईल."

"राहिलेलं म्हणजे किती?"

"सगळंच, बाबा."

म्हणजे थोडे दिवस संपले आणि कायमचं सुरू झालं. एवढं त्यालाही कळलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं जोडीदारानं दुपारी सांगितलेली बातमी पुढं केली. "रविवारी फायनल आहे ना? आपले निळे आहेत म्हणे."

"मावशीकडे बघेन."

"इथं बघ."

"कशात बघू? भिंतीवर?" भिंगरी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मिस्त्री टीव्हीच्या दुकानात गेला. टीव्ही घ्यायचाच असं ठरवून गेला होता. दुकानात भिंतभर टीव्ही, सगळे चालू, सगळ्यांत तोच पोपट तोच पेरू खातोय. विक्रेता चुरचुरीत बोलणारा होता. त्यानं रंग सांगितले, आवाज सांगितला, वॉरंटी सांगितली. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जरा बंद करून दाखवा."

"बंद करून?" विक्रेता हसला. "साहेब, लोक चालू करून दाखवा म्हणतात."

"चालू कसा दिसतो ते दिसतंय. बंद करून दाखवा."

विक्रेत्यानं बंद केला. पोपट गेला आणि काळ्या काचेत पिशवी घेतलेला एक माणूस उभा राहिला. मागं दुकानाचे दिवे, शेजारी कुणी नाही. मिस्त्री म्हणाला, "यात दिसतंय."

"काय दिसतंय?"

"दुकान."

विक्रेत्यानं दुसरा दाखवला. याची काच चमकत नाही म्हणाला. चमकत नव्हती, पण दिसायचं ते दिसतच होतं, थोडं मळकट. तिसराही तसाच. विक्रेत्याची सहनशक्ती संपत आली होती, पण त्यानं हसू पुसलं नाही. तो म्हणाला, "मग साहेब, तुम्ही टीव्ही घेऊच नका. हा प्रोजेक्टर बघा. छोटा आहे, आत बॅटरी आहे, कुठंही उचलून न्या. घरचं नेट जोडा, भिंतीवर मारा, झालं तुमचं मैदान तयार. फक्त खोलीत अंधार पाहिजे."

मिस्त्रीनं तो हातात घेतला. विटेएवढा होता, विटेपेक्षा हलका. त्यानं विचारलं, "आणि बंद केला की?"

"बंद केला की काय? भिंत."

"कोरी?"

"तुमच्या घरातली कोरी असेल तर कोरी."

"द्या," मिस्त्री म्हणाला. विक्रेत्यानं सवयीनं आणखी चार गुण सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. जोडीदारानं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "लेव्हल, लोक एवढ्या पैशात दाराएवढा मोठा टीव्ही घेतात आणि तू टॉर्च घेऊन आलास!" मिस्त्रीनं भिंगरीला फोन करून एवढंच सांगितलं की मॅच इथं बघ आणि मग सामान ने. "टीव्ही घेतलात?" तिनं विचारलं. तिचा आवाज जरा खाली आला होता. "ये तर," तो म्हणाला.

शनिवारी त्यानं अर्धी सुट्टी टाकली. या माणसाला काम दिलं की बघायला नको! टीव्हीच्या स्क्रूची भोकं त्यानं पुट्टीनं बुजवली, वाळल्यावर घासली, सगळ्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. मॅच दिवसाउजेडी होती, म्हणून खिडकीचा बंदोबस्त केला. कुणी घर बदलत असलं की लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून जाड गोधड्यांसारखे पडदे लावतात ना, त्यातले दोन कामावरून मागून आणले आणि खिळे मारून खिडकीवर टांगले. खोलीत भर दुपारी अंधार झाला आणि तेलाचा वास सुटला.

मग प्रोजेक्टर. एक जुनी मॅच लावून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर निम्मे खेळाडू दारावर. कपाटावर ठेवला, तर मैदान घसरगुंडीसारखं तिरपं. स्टुलावर ठेवला, तर गोल नेमका कोपऱ्यात दुमडायचा. मिस्त्रीनं टेप काढली, भिंत मोजली, खोली मोजली, पुन्हा मोजली. कपाट आणि दाराच्या मध्ये चित्र चपखल बसत होतं ते एकाच ठिकाणाहून. सोफ्याच्या मधोमध. त्यानं स्पेअर पार्टचं एक लाकडी खोकं आणून मधल्या गादीवर ठेवलं. खोकं डुगडुगायला लागलं, कारण मधल्या गादीला खळगा पडला होता. मिस्त्रीनं जुन्या चादरीची घडी केली, खळग्यात दाबून बसवली, वर खोकं ठेवलं, खोक्यावर सपाटी मापायची लेव्हलची पट्टी ठेवली. तिच्यातला बुडबुडा मध्यभागी आला. प्रोजेक्टर ठेवला, चालू केला. मैदान एका रेषेत.

बघा म्हणजे! ज्या जागेकडे बघवत नाही म्हणून या गृहस्थानं टीव्ही घरातून काढला, त्याच जागेवर तो खोकं ठेवून बसला, आणि तिच्या बसण्यानं पडलेला खळगाही भरून टाकला. काय म्हणावं या माणसाला? त्याच्या हे ध्यानातच आलं नाही. त्याला फक्त बुडबुडा दिसत होता. तो दोन पावलं मागं सरकला, भिंतीकडे बघितलं आणि त्याला वाटलं की काम चांगलं झालंय.

रविवारी मेहुणी आणि भिंगरी आल्या. मेहुणीनं दारातूनच आत डोकावलं. "अगं बाई! भाऊजी, घराची गुहा केलीत की हो!" ती बसली नाही. तिला बाजारात काम होतं. "मॅच संपली की खाली हॉर्न देते," असं म्हणून ती गेली. भिंगरीच्या खांद्यावर दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. अंगात मात्र निळा टी-शर्ट होता, आणि तो बघून मिस्त्रीला बरं वाटायला हवं होतं. त्यानं बटण दाबलं. भिंतभर हिरवं मैदान पसरलं. भिंगरीचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा! केवढं मोठंय हे!"

"कोरी भिंत आहे ना," मिस्त्री म्हणाला.

"आणि मशीन कुठं..." ती वळली. बोलता बोलता थांबली. पुढं होऊन तिनं खोक्याखाली हात घातला आणि चादरीची घडी चाचपली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे इथं ठेवलंत?"

"तिथूनच बरोबर बसतं चित्र. बाकी सगळीकडून बघितलं मी. टेबलावरून दारावर जातं."

"आणि ही चादर?"

"खोकं हलत होतं." मिस्त्री म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला ते कळलं. कळलं म्हणजे डोक्याला कळलं.

"आई बसून बसून पडलेला खड्डा होता तो," भिंगरी म्हणाली. "टीव्ही दिलात. आता तिची जागा पण बुजवलीत. घरात अडगळ होत होती का तिची?" ती रडत नव्हती. रडली असती तर परवडलं असतं. "मी सामान भरते. मावशीला लवकर बोलावते."

ती आतल्या खोलीकडे वळली. भिंतीवर खेळाडू रांगेत उभे राहत होते. मिस्त्रीला आता 'जेवून घे' म्हणायचीही सोय नव्हती, कारण जेवायची वेळच नव्हती. तो तसाच उभ्या उभ्या म्हणाला, "त्यात दिसायचं."

"काय?"

"टीव्ही बंद केला की. सोफा दिसायचा त्यात. मी एका बाजूला, आणि मधे कुणी नाही. रोज दिसायचं. मला ते बघवेना, म्हणून काढला. जुना झाला नव्हता. दुकानातही बघितले, सगळ्यांत दिसतं. हा बंद केला की काही दिसत नाही, म्हणून हा घेतला. खोकं ठेवताना माझ्या डोक्यातच आलं नाही, आईशप्पथ. मी नुसती लेव्हल बघत होतो."

इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. भिंगरी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती म्हणाली, "मला माहितीय, दिसायचं ते."

"तुला?"

"तुम्ही झोपायला गेलात की मी मुद्दाम बंद करून बसायचे, माझ्या जागेवर. त्यात सगळं अंधुक दिसतं ना, बाबा. मधे कुणी बसलंय की नाही, नीट कळत नाही. मान वळवून शेजारी बघितलं नाही तर कळतच नाही. मी वळून बघायचेच नाही." तिनं नाक ओढलं. "आणि एक दिवस आले, तर चार भोकं."

मिस्त्री सोफ्याकडे बघू लागला. ज्याच्यापासून आपण पळत होतो, त्याच्याचकडे आपली पोरगी रोज येऊन बसत होती. एकाच घरात, एकाच सोफ्यावर! आणि दोघांनीही एकमेकांना चकार शब्द सांगितला नाही. एकानं सांगितलं असतं तर टीव्ही तरी राहिला असता, नाहीतर पोरगी तरी.

"वॉचमनकडून परत आणतो," तो म्हणाला.

"काही नको. त्याची पोरं बघतात आता." भिंगरी सोफ्याजवळ आली. तिनं प्रोजेक्टर उचलला, खोकं पायानं बाजूला सारलं, चादरीची घडी उपसून काढली. मैदान भिंतीवरून छतावर गेलं आणि परत आलं. मग ती मधल्या जागेवर बसली, खळग्यात, मांडीवर उशी आणि उशीवर प्रोजेक्टर घेऊन. "बसा आता. सुरू झाली. आणि झोपायचं नाही हं."

मिस्त्री दाराच्या टोकाला बसला.

मॅच काही सरळ दिसत नव्हती. लेव्हलचं तर नावच सोडा. निळ्यांनी बॉल पुढं नेला की भिंगरी पुढं झुकायची आणि सगळं मैदान जमिनीकडे घसरायचं. ती रेफरीवर चिडली की खेळाडू दारावर जायचे. हाफ टाइमच्या थोडं आधी समोरच्या पट्ट्यांच्या जर्सीवाल्यांनी गोल केला तेव्हा ती "अरे पुढं ये ना!" असं ओरडली आणि बॉल जाळ्यात न जाता थेट पंख्यात गेला. मिस्त्रीच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसण्यासारखा होता, पण त्याची त्यालाही खात्री नव्हती. हाफ टाइममध्ये त्यानं तिला पाणी आणून दिलं. प्रोजेक्टर खाली ठेव, हात दुखतील, असं म्हणाला. तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुसरा हाफ संथ निघाला. भिंगरी टेकून बसली तसं मैदानही शांत झालं. पण अगदी स्थिर नाही. ते हळूच वर यायचं आणि हळूच खाली जायचं. मिस्त्रीला आधी वाटलं, मशीनमध्ये काहीतरी सैल आहे. त्यानं कान दिला, मशीनमधल्या छोट्या पंख्याचा आवाज ठीक होता. मग त्याच्या लक्षात आलं की पोरगी श्वास घेतेय. ती श्वास घेईल तसे ते सगळे बावीस खेळाडू वरखाली होत होते. तो बॉल सोडून तेच बघत राहिला. आणि नेहमीची झोप काही आली नाही.

मॅच संपायला आली होती. निळ्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि आत. गोल! सगळं स्टेडियम उठलं. मिस्त्री अर्धवट उठला आणि त्यानं शेजारी बघितलं, तर भिंगरी उठली नव्हती. प्रोजेक्टर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती बसली होती. तिनं आवाजही केला नव्हता. त्यानं परत भिंतीकडे बघितलं. निळे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि ते सगळेच्या सगळे थरथरत होते. खेळाडू, गोलचे खांब, मागची माणसं, वरचे आकडे, सगळं.

याही वेळी त्याला समजायला थोडा वेळ लागलाच. मग त्याला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं, छातीत, जिथं माणसांना वाटतं तिथं. बधिर पायात रक्त परत यायला लागतं तेव्हा जसं नकोनकोसं होतं, तसं झालं. बायको गेली होती. इतके दिवस त्याला ते माहीत होतं, आज ती गेली.

खाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग मिस्त्रीच्या खिशातला फोन वाजायला लागला.

"भाऊजी, मी आले. पोरीचं सामान झालं का भरून?"

मिस्त्रीनं शेजारी बघितलं. भिंगरीनं मान वळवली नाही. तिचे डोळे भिंतीवर होते आणि गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. बॅगा दाराशी रिकाम्याच पडल्या होत्या.

"मॅच संपली नाही," तो फोनवर म्हणाला. "बरोबरी झाली. आता एक्स्ट्रा टाइम."

"मग थांबू का मी?"

हे विचारायला हवं होतं भिंगरीला. पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? इतके दिवस त्याला कशाची भीती नव्हती, आता एकदम वाटली.

"नको थांबूस," तो म्हणाला. "तू जा घरी. ती इथंच आहे." आवाज फाटला, तसा त्यानं फोन घाईघाईनं बंद केला आणि पोरगी काय म्हणतेय याची वाट बघत बसून राहिला.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. भिंगरीला तो ऐकू आला असणारच. ती उठली नाही. दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून तिनं खांद्यालाच नाक पुसलं. भिंतीवर मैदान कपाटापासून दारापर्यंत हेलकावे खात होतं.

"बाबा, हलतंय सगळं," ती म्हणाली. "तुम्हाला काही दिसत नसेल."

"हलू दे," मिस्त्री म्हणाला. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, ते परत भरून आले. "हलू दे गं. तू बस."